मिटलेली जखम, गळकी कातडी

आप्पांच्या डाव्या टाचेची जखम दिवाळीच्या तोंडावर मिटली. ड्रेसिंगला घरी येणाऱ्या सिस्टरनी पट्टी सोडली, गॉजनं हलकेच पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, भरली हो. आता फक्त जपा." पाच महिने एक दिवसाआड चाललेलं काम संपलं म्हणून आईनं शिरा केला. संक्रांतीच्या आठवड्यात आप्पांच्या मोज्यावर पुन्हा ओला डाग दिसला. जागा तीच. मधल्या काळात साखर आटोक्यात होती, चप्पल मधुमेहींसाठीची मऊ होती आणि आप्पा तर पथ्याला पक्के. तरी असं का झालं, या प्रश्नाला "होतं असं कधीकधी" एवढंच उत्तर मिळालं.

ते खोटं नव्हतं. मधुमेही पायाची भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण जगभरात सुमारे ४० टक्के आहे, तीन वर्षांत ते ६० टक्क्यांच्या आसपास जातं. दहातल्या चार जखमा जर परत उघडत असतील, तर त्या पहिल्यांदा खरंच भरल्या होत्या का, हा प्रश्न मला सोडेना. वाचत वाचत मी ज्या प्रकरणाशी पोचलो ते मधुमेहाचं नाही, माणसांचंही नाही. ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात, डुकरांच्या पाठीवरच्या भाजलेल्या जखमांवर घडलं. त्यात चांदी आणि जस्ताचे ठिपके छापलेलं एक कापड होतं, जे ओलं झालं की स्वतःच वीज तयार करतं. "विजेच्या पट्टीनं जंतू मारले" अशा एका ओळीत हे प्रकरण सांगता येईल, पण त्यात त्याचा गाभा निसटतो. म्हणून ते पहिल्यापासून मांडतो आहे.

प्रकरणाची मांडणी

ओहायो स्टेट विद्यापीठात चंदन सेन आणि शाश्वती रॉय यांचा गट बरीच वर्षं न भरणाऱ्या जखमांवर काम करत होता. सेन मूळचे कोलकात्याचे, फिनलंडमधून पीएचडी करून पुढे अमेरिकेत स्थिरावलेले. या गटाला एक अडचण स्पष्ट दिसत होती. जुनाट जखमांवरचे बहुतेक प्रयोग उंदरांवर होतात आणि काही दिवसांत संपतात. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ पडदा असतो, त्यामुळे जखम झाली की कडा आपोआप आत ओढल्या जातात आणि ती आकसून मिटते. माणसाचं तसं नसतं. आपल्याकडे कडेच्या पेशींना जखमेच्या पृष्ठभागावरून सरकत जाऊन नवी कातडी अंथरावी लागते. डुकराची कातडी या बाबतीत आपल्या जवळची आहे: जाड, आणि खालच्या थराला घट्ट चिकटलेली. म्हणून डुक्कर. एका जिवाला भाजून त्यात जंतू सोडायचे हे वाचताना मन अस्वस्थ होतं आणि ते व्हायलाच हवं. त्या प्रयोगातून जे कळलं ते नीट समजून घेणं हे आपल्याकडून त्या जनावरांचं देणं आहे असं मी मानतो.

जखमांत दोन जंतू सोडले. पहिला स्यूडोमोनास एरुजिनोसा. बर्न्स वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तो नावानं नाही तरी रंगानं ओळखीचा असतो, कारण हिरवट पू आणि एक विचित्र गोडसर वास ही त्याची खूण. प्रयोगात वापरलेला त्याचा वाण, पीएओ-१, मुळात १९५० च्या दशकात मेलबर्नमधल्या एका जखमेतूनच मिळालेला आहे. दुसरा असिनेटोबॅक्टर बाउमानी. इराक युद्धातून परतलेल्या जखमी अमेरिकी सैनिकांमध्ये त्यानं इतका उच्छाद मांडला की सैनिकांनी त्याला इराकचंच नाव चिकटवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली नव्या औषधांची तातडीची गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, त्यात कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारे हे दोन्ही जंतू सर्वांत वरच्या, अतिगंभीर गटात होते. आपल्याकडच्या आयसीयूंनाही ही जोडी परकी नाही.

आता खुद्द प्रयोग. काही जखमांना जंतू सोडल्यापासून दोन तासांच्या आत विजेची पट्टी लावली. जंतूंना ठाण मांडू न देणं जमतं का, हे त्यातून पाहायचं होतं. काही जखमांना सात दिवस तसंच ठेवलं, जंतूंचं बस्तान पक्कं होऊ दिलं आणि मग पट्टी लावली, म्हणजे बसलेलं ठाणं उठवता येतं का ते कळेल. तुलनेसाठी काही जखमांना प्लसीबो, म्हणजे उपचाराचा अंश नसलेली पट्टी. पट्टी आठवड्यातून दोनदा बदलायची. हे सगळं ५६ दिवस चाललं. दोन महिने जखमेला चिकटून राहिलेला प्रयोग या क्षेत्रात विरळा आणि त्याचं मोल त्या दिवसांत आहे. सविस्तर निष्कर्ष 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सात दिवसांत जखमेत काय घडतं

दोन तास आणि सात दिवस यांतला फरक कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर धरतो तो हातानं पुसला तर सरकतो, पण पाणी सोडून निघत नाही. नुसतं ब्लीच ओतलं तर वरचं मरतं, खालचं जगतं आणि चार दिवसांत थर पुन्हा जागेवर. जखमेतले जंतू असंच करतात. सुरुवातीला ते सुटे, पोहणारे असतात आणि तेव्हा अँटिबायोटिक त्यांना गाठू शकतं. मग ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या, प्रथिनांच्या, डीएनएच्या धाग्यांचा चिकट लगदा विणतात. याला बायोफिल्म म्हणतात. या लगद्यात औषध नीट शिरत नाही, शरीराच्या पांढऱ्या पेशींना आत घुसता येत नाही, आणि सर्वांत आतले जंतू इतके सुस्तावलेले असतात की वाढणाऱ्या जंतूंवर वार करणाऱ्या औषधांना ते सापडतच नाहीत. २००८ साली अमेरिकेत जुनाट जखमांचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा ६० टक्क्यांमध्ये बायोफिल्म दिसली. ताज्या जखमांच्या १६ नमुन्यांत ती फक्त एकात होती.

बायोफिल्म बांधायची केव्हा हे जंतू कसं ठरवतात? प्रत्येक जंतू एक रसायन थोडं थोडं बाहेर सोडत असतो. आजूबाजूला भाऊबंद कमी असले तर ते रसायन विरून जातं. गर्दी झाली की ते साचतं, एका पातळीच्या वर गेलं की सगळ्यांना एकदम सूचना मिळते आणि सगळे एकाच वेळी कामाला लागतात. आपल्याकडे सभेला गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसाच हा कारभार. इंग्रजीतलं नावही, कोरम सेन्सिंग, त्याच शब्दावरून पडलं आहे. स्यूडोमोनासमध्ये ही गणपूर्ती मोजणारी लासआर, आरएचएलआर आणि एमव्हीएफआर ही जनुकं आहेत. ती लक्षात ठेवा, पुढे त्यांचीच गोष्ट येणार आहे.

सात दिवसांनी पट्टी लावणं म्हणजे ठराव होऊन, बांधकाम पुरं होऊन, रंगरंगोटी झाल्यावर जाणं. आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरकडे येतो तो साधारण याच अवस्थेत. आधी घरी हळद, मग मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम आणि मग दवाखाना. म्हणून या प्रयोगातला सात दिवसांचा गट मला दोन तासांच्या गटापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

पट्टी आणि तिची वीज

शाळेत लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खुपसून छोटा दिवा लावायचा प्रयोग अनेकांनी केला असेल. दोन वेगळे धातू, मध्ये ओलावा, की विजेचा घट तयार. या पट्टीत तेवढंच आहे. पॉलिस्टरच्या कापडावर चांदीचे आणि जस्ताचे ठिपके आलटूनपालटून छापलेले. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, चांदी घेते. मनगटी घड्याळाच्या चपट्या सेलमध्येही बहुधा चांदी आणि जस्त हीच जोडी असते. बॅटरी नाही, तारा नाहीत, यंत्र नाही. कापड सलाईननं ओलं करून जखमेवर ठेवलं की ठिपक्याठिपक्यांत विजेचा दाब तयार होतो. मोजमापात तो ०.३ ते ०.९ व्होल्ट आला. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज करा. झटका वगैरे बसण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेत व्होमारिस नावाच्या कंपनीनं ही पट्टी प्रोसेलेरा या नावानं बाजारात आणली आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, परवानगी तिला मिळालेली आहे. या परवानगीबद्दल पुढे बोलायचं आहे.

इतक्या बारीक विजेनं काही होईल का, असं वाटणं साहजिक आहे. पण शरीर स्वतः याच मापाच्या विजेवर चालतं. १८४३ साली बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमों यांनी स्वतःच्या बोटाला चीर देऊन तिच्यातून वाहणारा प्रवाह मोजला होता. धडधाकट कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये कायम काही दहा मिलिव्होल्टचा फरक असतो. पेशी सोडियमचे कण सतत आत ढकलत असतात, त्यातून तो तयार होतो. कातडी फाटली की तिथे हा दाब गळून जातो, आजूबाजूचा प्रवाह जखमेकडे वळतो, आणि कडेच्या पेशींना कुठल्या दिशेनं सरकायचं याची खूण मिळते. २००६ साली 'नेचर'मध्ये मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी या खुणेमागची जनुकंही दाखवली. म्हणजे जखमेत वीज असते ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे. नवं आहे ते तिला कापडावर छापणं.

जंतूंच्या बाजूनं काय घडतं हे याच गटानं २०१५ साली प्रयोगशाळेतल्या तबकडीत पाहिलं होतं. पीएओ-१ वाणाची बायोफिल्म वाढवून एकीकडे ही पट्टी लावली आणि दुसरीकडे नेहमीचं चांदीचं ड्रेसिंग. चांदीचं ड्रेसिंग जिथे निष्प्रभ ठरलं तिथे विजेच्या पट्टीनं थर विस्कटला, त्याची जाडी घटली, जिवंत जंतू कमी झाले. लासआर आणि आरएचएलआर ही गणपूर्तीची जनुकं मंदावली. औषध आत आलं की ते पंपानं बाहेर फेकणारी जंतूंची यंत्रणा, मेक्सएबी आणि मेक्सईएफ, तीही दबली. पट्टीतून ऑक्सिजनची तिखट, क्रियाशील रूपं तयार होत असल्याचा पुरावाही मिळाला.

पंप दबतात हे वाचून मी थांबलो होतो. अँटिबायोटिक हरतं ते बऱ्याचदा याच पंपांमुळे. पंपच मंदावला तर जुनं, स्वस्त औषधही पुन्हा चालू शकेल का, असा विचार लगेच मनात येतो. मात्र तबकडीतल्या त्या प्रयोगानं तो सिद्ध केलेला नाही. ती फक्त दिसलेली वाट आहे.

५६ दिवसांनंतर

डुकरांच्या जखमांचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा पट्टी लावलेल्या दोन्ही गटांत प्लसीबोपेक्षा फरक दिसला. दोन तासांच्या गटात जंतूंचे पुंजके धरलेच नव्हते, सात दिवसांच्या गटात धरलेले पुंजके फुटले होते. एमव्हीएफआर, आरएचएलआर आणि लासआर ही तिन्ही जनुकं पट्टीखाली दबलेली होती. म्हणजे तबकडीत दिसलेलं जिवंत जखमेतही दिसलं, आणि असं दर वेळी होत नाही.

शरीराच्या बाजूनंही दोन गोष्टी घडल्या. बायोफिल्म असलेल्या जखमेत दाह मिटतच नाही, लाली आणि सूज आठवडेच्या आठवडे धगधगत राहतात. त्यामागे एनएफ-कप्पा-बी नावाचा रेणू खटका दाबल्यासारखा चालू राहिलेला असतो. पट्टीखालच्या जखमांत तो खटका चालू राहिला नाही. दुसरी गोष्ट ई-कॅडहेरिन या प्रथिनाची. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या याच्या जोरावर. बायोफिल्म एमआयआर-९ हा छोटासा आरएनए वाढवते आणि तो ई-कॅडहेरिनचं जनुक गप्प करतो. पट्टीखाली हे गप्प करणं थांबलं.

हे सगळं महत्त्वाचं आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे नव्हतं. ते होतं याच गटाच्या आधीच्या, २०१४ सालच्या कामात, ज्यावर हा प्रयोग उभा आहे.

२०१४ च्या त्या अभ्यासात कुठलाही उपचार नव्हता. डुकरांच्या जखमांत हेच दोन जंतू सोडून फक्त काय होतं ते पाहिलं. आणि एक चक्रावून टाकणारी गोष्ट समोर आली: बायोफिल्म असलेल्या जखमा आणि नसलेल्या जखमा डोळ्यांना जवळपास सारख्याच वेगानं मिटल्या. रोज मोजपट्टी लावून लांबी-रुंदी टिपणारा कुणी असता तर त्यानं लिहिलं असतं, फरक नाही. पण त्यांनी आणखी एक मोजमाप घेतलं होतं. मिटलेल्या जागेवर छोटं नळकांडं टेकवून कातडीतून दर तासाला किती पाणी वाफ होऊन निघून जातं ते मोजलं. चांगल्या कातडीतून ते फार कमी जातं. बायोफिल्म होऊन मिटलेल्या जागेतून ते भरपूर जात होतं. जखम बंद, कातडी गळकी.

पावसाळ्याआधी गच्चीला नवा गिलावा होतो. मिस्त्री हात फिरवून दाखवतो, एक भेग दिसत नाही. पहिल्या मोठ्या सरीला खालच्या खोलीच्या छतावर ओल येते. गिलावा झालेला होता, वॉटरप्रूफिंग नव्हतं. कातडीचंही अगदी तसं आहे. दोन पेशींमधल्या फटी बुजवणारी झेडओ-१ आणि झेडओ-२ ही प्रथिनं बायोफिल्ममुळे गप्प झाली होती. तिथेही आरएनएचेच तुकडे, एमआयआर-१४६ए आणि एमआयआर-१०६बी, कामाला लागलेले. पेशी जागेवर आल्या, एकमेकींना टेकल्या, पण सांधल्या गेल्या नाहीत. अशा कातडीतून पाणी बाहेर जातं आणि जिथून पाणी बाहेर जातं तिथून जंतूंना आत यायला आडकाठी ती कसली?

म्हणून नंतरच्या प्रयोगात संशोधकांनी "जखम मिटली" हा शब्द पुरेसा मानला नाही. त्यांनी कातडीचं काम परत आलं का ते मोजलं आणि विजेच्या पट्टीखालच्या जखमांमध्ये हे अडवण्याचं काम लवकर परतलं. जंतू कमी होणं ही त्यातली पहिली पायरी होती. प्रकरणाचा शेवट ठरला पाण्याच्या वाफेवर.

सिस्टरनी आप्पांच्या टाचेवरून गॉज फिरवलं आणि ते कोरडं निघालं. त्यांनी काही चुकीचं केलं नाही. २००६ पासूनची एफडीएची मार्गदर्शक व्याख्यासुद्धा तेवढंच सांगते: कातडी पूर्ण आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा पाहून खात्री. वाफ मोजा असं त्यात कुठेच नाही. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीवर चालणाऱ्या मधुमेही पायांच्या संशोधनगटानं, डायबेटिक फूट कन्सोर्टियमनं, माणसांवर हेच तपासलं. नुकत्याच मिटलेल्या जखमेच्या जागी वाफ मोजायची आणि रुग्णाच्या मागावर राहायचं. ज्यांच्या मिटलेल्या जागेतून पाणी जास्त जात होतं त्यांची जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त निघालं. डुकराच्या पाठीवर सापडलेली गोष्ट माणसाच्या तळव्यावर खरी ठरली. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

जिथे मला शंका आहे

या पट्टीबद्दलचा उत्साह मला कळतो, पण काही गोष्टी उघड बोलायला हव्यात.

सर्वांत मोठी शंका वीज आणि धातू यांच्या सरमिसळीची. चांदी स्वतः जंतुनाशक आहे. आपल्या बर्न्स वॉर्डांत पिढ्यानपिढ्या लावलं जाणारं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, चांदीच्याच जोरावर चालतं. जस्त जखम भरायला मदत करतं हेही जुनं ज्ञान. मग डुकरांच्या जखमांत जे झालं ते किती विजेमुळे, किती चांदीच्या कणांमुळे, किती जस्तामुळे आणि किती त्या क्रियाशील ऑक्सिजनमुळे? तबकडीतल्या प्रयोगात चांदीच्या ड्रेसिंगशी तुलना होती. डुकरांच्या प्रयोगात ती प्लसीबोशी होती. म्हणून "पट्टी चालते" हे वाक्य त्या प्रयोगातून निघतं, "वीज चालते" हे तितक्या ठामपणे निघत नाही. रुग्णाला कदाचित या भेदानं फरक पडणार नाही. पण उद्या कुणी अर्ध्या किमतीत नुसतं चांदीचं कापड "तेच आहे हो" म्हणून विकायला आला तर हा भेद फार महाग पडेल.

दुसरं, भाजलेली डुकराची पाठ आणि मधुमेही माणसाची टाच यांत पुष्कळ अंतर आहे. प्रयोगातली डुकरं धडधाकट होती. त्यांना मधुमेह नव्हता, पायाच्या धमन्या तुंबलेल्या नव्हत्या, संवेदना गेलेल्या नव्हत्या आणि ती पाठीवर उभी राहून दिवसभर जखमेवर वजन देत नव्हती. आप्पांच्या टाचेला या चारही गोष्टी लागू होत्या. रक्तच पोचत नसेल तर कुठलंही कापड जखम भरू शकत नाही. मेलेली कातडी खरवडून काढणं, टाचेवरचा भार उतरवणं, धमन्या तपासणं, साखर, ही कामं पट्टीच्या आधीची आहेत.

तिसरं त्या परवानगीबद्दल. एफडीएची अशा साधनांना मिळणारी परवानगी मुख्यतः हे सांगते की बाजारात आधीपासून असलेल्या तशाच साधनाइतकं हे सुरक्षित आणि उपयोगी आहे. मोठ्या मानवी चाचणीत हिनं संसर्ग घटवला, असा तिचा अर्थ होत नाही. जाहिरातीत मात्र "एफडीएमान्य" एवढंच ठळक छापलेलं असतं आणि वाचणारा बाकीचं स्वतः भरून घेतो.

एक गोष्ट घरोघरच्या जुगाडू मंडळींसाठी, आणि ती मी अगदी कळकळीनं सांगतो. बॅटरीच्या तारा, फिजिओथेरपीचं यंत्र किंवा चांदीचं नाणं आणि जस्ताचा पत्रा, यांपैकी काहीही उघड्या जखमेवर लावू नका. त्या कापडावरच्या ठिपक्यांचा आकार, अंतर आणि धातूचं प्रमाण सगळं मोजून ठरवलेलं आहे. जास्त प्रवाहानं कातडी जळते, आणि ज्या पायाची संवेदना गेली आहे त्याला ती जळताना कळतही नाही.

पुढची चाचणी कशी असावी

मला जी चाचणी पाहायची आहे तिच्यात तीन गट असतील. एका गटाला साधी ओलसर पट्टी, दुसऱ्याला तितक्याच चांदी-जस्ताची पण ठिपके नसलेली, म्हणजे धातू असूनही तशी वीज न होणारी, आणि तिसऱ्याला पूर्ण पट्टी. बाकी सगळी शुश्रूषा तिन्ही गटांत सारखी. रुग्ण मधुमेही पायाचे, आपल्याकडच्या एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले, जिथे माणूस जखम घेऊन उशिरा येतो आणि कापड आठवड्यातून दोनदाच बदलणं हा त्याच्यासाठी दोन दिवसांच्या मजुरीचा प्रश्न असतो. एक दिवसाआड रिक्षा करून येणाऱ्याला आठवड्याला दोनच खेपा पुरल्या तर तेवढ्यानंसुद्धा तो उपचार मध्येच सोडणार नाही.

आणि जखम मिटली त्या दिवशी वहीत "भरली" असं लिहून फाइल बंद करायची नाही. मिटलेल्या जागेवर नळकांडं टेकवायचं, वाफ मोजायची, शेजारच्या चांगल्या कातडीचा आकडा बाजूला लिहायचा, आणि पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी तोच आकडा पुन्हा घ्यायचा. आप्पांची टाच दिवाळीत मिटली आणि संक्रांतीला उघडली. ती सगळी गोष्ट याच तीन महिन्यांत घडली होती.